कॅमेऱ्यासमोर रंग सांडून तो जगभर पोचला, पण शूटिंग संपलं त्याच रात्री जॅक्सन पोलॉकनं जेवणाचं टेबल उलटवलं

तारीख होती २५ नोव्हेंबर १९५०. ठिकाण, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरचं स्प्रिंग्ज नावाचं छोटंसं खेडं.

थंडी मरणाची होती. एका घराच्या अंगणात काचेचं मोठं तावदान आडवं बसवलं होतं. त्या काचेखाली एक माणूस कॅमेरा घेऊन उताणा पडला होता. काचेच्या वर दुसरा माणूस वाकून उभा होता. तो काचेवर रंग ओतायचा, मध्येच दोरा टाकायचा, खडे ठेवायचा, तारेच्या जाळीचे तुकडे टाकायचा. खालून कॅमेरा सुरू.

शेवटचा शॉट झाला. दोघंही गारठलेल्या हातांनी घरात आले. आणि रंग ओतणारा माणूस सरळ दारूच्या बाटलीकडे गेला.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की दोन वर्षं त्यानं दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. त्या दोन वर्षांत त्यानं जी चित्रं काढली, ती आज जगातल्या सगळ्यात मोठ्या म्युझियमच्या भिंतींवर आहेत. त्या रात्रीनंतर मात्र तो सावरला तो थोड्याथोडक्या दिवसांपुरताच.

माणसाचं नाव जॅक्सन पोलॉक. कॅमेऱ्यामागचा माणूस हान्स नामुथ. आणि दोघांनी मिळून बनवलेली फिल्म फक्त १० मिनिटांची.

चित्रकार म्हटलं की रंगानं माखलेले कपडे, तोंडात सिगरेट, भान हरपून कॅनव्हासभोवती फिरणारा माणूस हे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं, त्यात या १० मिनिटांचा वाटा फार मोठा आहे. पण या फिल्मनं पोलॉकला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं, हे बघायचं तर थोडं मागं जावं लागतं.

पोलॉकचा जन्म २८ जानेवारी १९१२ चा. गाव कोडी, राज्य वायोमिंग. हे गाव वसवलं होतं बफेलो बिल कोडीनं, म्हणजे काउबॉयचे खेळ जगभर दाखवत फिरणाऱ्या माणसानं. पुढं पोलॉक प्रसिद्ध झाला तेव्हा पेपरवाल्यांना हे आयतंच मिळालं. पश्चिमेच्या माळरानावरून आलेला रांगडा काउबॉय चित्रकार!

खरी गोष्ट अशी की पोलॉक वर्षाचाही झाला नव्हता तेव्हाच त्याच्या घरच्यांनी कोडी सोडलं. पाच भावांतला तो सगळ्यात धाकटा. वडिलांचं कुठं बस्तान बसेना, त्यामुळं अख्खं बालपण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात घरं बदलण्यात गेलं. वडिलांना पुढं जमीन मोजणीचं काम मिळालं, त्यांच्यासोबत तो डोंगरदऱ्यांत फिरला. लॉस एंजेलिसच्या शाळेतून त्याला काढून टाकलं. म्हणजे त्याची पहिली ओळख, काउबॉयची, तीच मुळात दुसऱ्यांनी त्याच्या डोक्यावर चढवलेली टोपी होती.

१९३० साली तो मोठा भाऊ चार्ल्सच्या मागोमाग न्यूयॉर्कला आला. तिथं थॉमस हार्ट बेंटन या नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली शिकला. काळ महामंदीचा. पोटाला चिमटा काढून दिवस काढणाऱ्या कलाकारांसाठी सरकारनं फेडरल आर्ट प्रोजेक्ट नावाची योजना काढली होती, त्यावर पोलॉकनं १९३५ पासून १९४२ पर्यंत गुजराण केली.

याच काळात दोन गोष्टी घडल्या. १९३६ मध्ये तो मेक्सिकोचे चित्रकार डेव्हिड सिकेरोस यांच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यशाळेत गेला. तिथं रंग ब्रशनं लावण्याऐवजी ओतून, शिंपडून, फवारून बघायचे प्रयोग चालायचे. दुसरी गोष्ट १९४१ ची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या कलेचं प्रदर्शन भरलं. तिथं नवाहो कलाकार जमिनीवर बसून मुठीतून रंगीत वाळू सोडत चित्रं काढताना त्याला दिसले. रांगोळीची चिमूट आपल्याला नवीन नाही, पण भिंतीवर चित्र टांगायची सवय असलेल्या न्यूयॉर्कला ते नवीन होतं.

दारू मात्र तरुणपणापासून मागं लागलेली. १९३८ मध्ये तो व्यसनावर उपचारासाठी हॉस्पिटलमध्ये होता. त्यानंतर मानसोपचार सुरू झाले.

मग १९४२ च्या सुमाराला त्याच्या आयुष्यात ली क्रास्नर आली.

ली स्वतः चित्रकार होती. आणि नुसती हौशी नाही, न्यूयॉर्कच्या कलाकारांत त्या वेळी पोलॉकपेक्षा तिलाच जास्त लोक ओळखायचे. तिनं पोलॉकचं काम बघितलं आणि ठरवलं की हा माणूस जगापुढं आला पाहिजे. क्लेमंट ग्रीनबर्ग या समीक्षकाशी त्याची ओळख तिनंच करून दिली. पुढं ग्रीनबर्ग त्याचा सगळ्यात मोठा पाठीराखा झाला.

१९४३ मध्ये पेगी गुगेनहाइम या श्रीमंत संग्राहक बाईंनी पोलॉकशी करार केला. महिन्याला १५० डॉलर. शिवाय त्यांच्या घराच्या प्रवेशदालनासाठी एक भलंमोठं चित्र काढायचं काम दिलं, साधारण ८ फूट बाय २० फूट.

या चित्राची एक दंतकथा आहे. पोलॉक आठवडेच्या आठवडे कोऱ्या कॅनव्हासकडं बघत बसला आणि शेवटी एका रात्रीत झपाटल्यासारखं चित्र पूर्ण केलं, अशी. वर्षानुवर्षं हे सांगितलं गेलं. पुढं लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेत या चित्राची डागडुजी झाली तेव्हा तज्ज्ञांनी रंगाचे थर तपासले. खालचा थर वाळल्यावर वरचा दिलाय, असं जागोजागी दिसलं. एका रात्रीत हे होणं शक्य नाही. पण झपाटलेल्या माणसाची गोष्ट लोकांना आवडते, थर वाळायची वाट बघणाऱ्या माणसाची नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये पोलॉक आणि लीनं लग्न केलं आणि शहर सोडून स्प्रिंग्जला घर घेतलं. त्यासाठी लागणारे २,००० डॉलर पेगी गुगेनहाइमनं उसने दिले. घरामागं एक जुनं लाकडी कोठार होतं, तो पोलॉकचा स्टुडिओ झाला. लीच्या वाट्याला आली वरच्या मजल्यावरची एक लहान खोली.

त्या कोठारात १९४७ पासून पोलॉकनं कॅनव्हास थेट जमिनीवर पसरायला सुरुवात केली. रंग कुठला, तर घराला आणि गाड्यांना मारतात तो पातळ एनॅमल पेंट. ब्रश कॅनव्हासला टेकवायचाच नाही. काडी किंवा वाळून कडक झालेला ब्रश रंगात बुडवायचा आणि चारी बाजूंनी फिरत रंगाची धार सोडायची.

बघणारे म्हणायचे, हे तर माझं पोरगंही करेल.

पण करून बघा. भाकरीवर उंचावरून काकवी सोडली की तिची धार खाली टेकताना वेटोळी घालते. रंगाचंही तसंच होतं. पोलॉकच्या चित्रांत मात्र अशी वेटोळी फार कमी दिसतात, रेषा लांबच लांब वाहत जातात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं कारण शोधलं. हाताचा वेग आणि जमिनीपासूनची उंची त्यानं अशी ठेवली होती की धारेला वेटोळी घालायला सवडच मिळू नये. आणि ते वेग त्यांनी मोजले कशावरून? तो काम करतानाच्या जुन्या चित्रफितीवरून. म्हणजे ज्या फुटेजमुळं लोकांनी त्याला भान हरपलेला माणूस ठरवलं, त्याच फुटेजनं त्याचा हात किती ताब्यात होता ते सिद्ध केलं.

१९४८ च्या शेवटी एका स्थानिक डॉक्टरच्या मदतीनं त्यानं दारू सोडली. ऑगस्ट १९४९ मध्ये लाइफ मासिकानं त्याच्यावर मोठा लेख छापला आणि हाच अमेरिकेतला हयात असलेला सगळ्यात थोर चित्रकार आहे का, असा प्रश्न वाचकांपुढं टाकला. प्रश्न थोडा खवचटच होता. सोबत फोटो, आपल्या लांबलचक चित्रापुढं हाताची घडी घालून, सिगरेट तोंडात धरून उभा असलेला पोलॉक. लाइफ तेव्हा घराघरात जायचं. एका लेखात पोलॉक स्टार झाला.

आणि इथं एन्ट्री होते हान्स नामुथची.

नामुथ मूळचा जर्मन, पस्तिशीचा, फॅशन मासिकांसाठी फोटो काढणारा. त्याला सुरुवातीला पोलॉकची चित्रं काही खास वाटली नव्हती. पण त्याचे गुरू अलेक्सी ब्रोडोविच यांनी सांगितलं की हा महत्त्वाचा माणूस आहे, नीट बघ. जुलै १९५० मध्ये एका प्रदर्शनात नामुथनं पोलॉकला गाठलं आणि काम करताना फोटो काढू का, असं विचारलं. पोलॉक हो म्हणाला.

ठरलेल्या दिवशी नामुथ पोचला तर पोलॉक दारातच म्हणाला की चित्र पूर्ण झालंय, आता फोटो काढण्यासारखं काही नाही. तरी दोघं कोठारात गेले. जमीनभर ओला कॅनव्हास. पोलॉक त्याच्याकडं बघत राहिला, आणि अचानक डबा नि ब्रश उचलून पुन्हा कामाला लागला. नामुथ फोटो काढत सुटला.

त्या आणि पुढच्या भेटींत नामुथनं ५०० हून जास्त फोटो काढले. त्यांतल्या काहींत मागं स्टुलावर शांत बसलेली ली दिसते. एवढंच तिचं फोटोतलं स्थान.

पण फोटोत हालचाल पकडता येईना. म्हणून नामुथनं बायकोचा साधा कॅमेरा घेऊन एक ब्लॅक अँड व्हाइट फिल्म काढली. त्यावर समाधान होईना म्हणून रंगीत फिल्म करायचं ठरलं. सोबतीला संकलक पॉल फाल्केनबर्ग. अडचण होती पैशांची. कोठारात रंगीत शूटिंग करायचं तर मोठे दिवे लागणार, ते परवडत नव्हते. मग उपाय काय, तर कोठार सोडून अंगणात, उन्हात चित्र काढायचं.

गोची इथंच झाली. बंद कोठारात आपल्या तंद्रीत काम करणारा माणूस आता उघड्यावर, कुणीतरी सांगेल तेव्हा सुरू करायचा आणि सांगेल तेव्हा थांबायचा. फिल्मच्या सुरुवातीला तो बूट बदलून रंगानं माखलेले बूट घालताना दिसतो. रोजची साधी गोष्ट, पण कॅमेऱ्यासमोर मुद्दाम केली की तिचा अभिनय होतो.

तरी नामुथला एक खंत होती. कॅनव्हास दिसला की चेहरा दिसत नाही आणि चेहरा दिसला की कॅनव्हास दिसत नाही. त्यातून काचेची कल्पना निघाली. कॅमेरा काचेखाली, पोलॉक वर. आता रंगही दिसणार आणि चेहराही.

कल्पना भन्नाटच होती. पण तिचा अर्थ बघा. तोपर्यंत लोक पोलॉकचं चित्र बघायचे. आता चित्र म्हणजे एक खिडकी झाली, जिच्यातून पोलॉकला बघायचं. काचेवरचा पहिला प्रयत्न त्याला जमला नाही, त्यानं तो पुसून टाकला आणि नव्यानं सुरुवात केली. हेसुद्धा फिल्ममध्ये आहे.

सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत हे असं चाललं. आता त्या शेवटच्या आठवड्याचं कॅलेंडर बघू.

२० नोव्हेंबरला टाइम मासिकानं त्याच्या कामात निव्वळ गोंधळ आहे, अशा सुराचा मजकूर छापला. पोलॉक इतका चिडला की त्यानं मासिकाला खरमरीत तार पाठवून गोंधळ बिंधळ काही नाही असं ठणकावलं. २५ तारखेला शूटिंगचा शेवटचा दिवस. आणि २८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये बेटी पार्सन्स गॅलरीत त्याच्या नव्या चित्रांचं मोठं प्रदर्शन. त्यात आधी मार्चमध्ये एक धक्का बसलेला. ज्या डॉक्टरच्या आधारानं त्यानं दारू सोडली होती, तो गाडीच्या अपघातात गेला होता.

त्या संध्याकाळी घरात पाहुणे होते, लीनं मोठं जेवण ठेवलं होतं. पोलॉकनं ग्लासावर ग्लास रिचवले. टेबलावर नामुथ आणि त्याची बाचाबाची सुरू झाली. तू ढोंगी आहेस, मी ढोंगी नाही, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. आणि मग जेवणानं भरलेलं अख्खं टेबल त्यानं पाहुण्यांच्या अंगावर उलटवलं. सांगतात की लीनं आवाजही न चढवता सगळ्यांना दिवाणखान्यात कॉफी घ्यायला बोलावलं.

तीन दिवसांनी प्रदर्शन उघडलं. त्यात ऑटम ऱ्हिदम होतं, वन होतं, लॅव्हेंडर मिस्ट होतं, म्हणजे आज त्याची सर्वोत्तम मानली जाणारी चित्रं. लॅव्हेंडर मिस्ट त्याचा मित्र अल्फोन्सो ओसोरिओनं घेतलं. पण एकूण विक्री पडलेलीच राहिली. नाव घराघरात आणि घरात पैसा नाही, अशी गत.

मार्च १९५१ मध्ये व्होग मासिकानं त्याच्या चित्रांपुढं मॉडेल उभ्या करून गाऊनचे फोटो छापले. मे महिन्यात आर्टन्यूजनं नामुथचे फोटो वापरून पोलॉक चित्र कसं काढतो यावर लेख केला. आणि १४ जून १९५१ ला म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फिल्म दाखवली गेली. निवेदन खुद्द पोलॉकच्या आवाजात. संगीत मॉर्टन फेल्डमन या तरुण संगीतकाराचं, जो पुढं मोठं नाव झाला.

फिल्म बघितली की कळतं, ती का चालली. त्यात एक चित्रकार नाचल्यासारखा काम करतो. डिसेंबर १९५२ मध्ये समीक्षक हॅरोल्ड रोझेनबर्गनं लिहिलं की नव्या अमेरिकी चित्रकारांसाठी कॅनव्हास हा कृती करायचा आखाडा झालाय. लेखात पोलॉकचं नाव नव्हतं, पण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं नामुथचेच फोटो आले. ॲक्शन पेंटिंग हा शब्द चिकटला तो कायमचा.

आणि पोलॉक? त्यानं १९५१ मध्ये रंग बाजूला ठेवून काळ्या रंगातली चित्रं काढली, त्यांत पुन्हा चेहरे आणि आकृत्या दिसायला लागल्या. लोकांना ती नको होती. त्यांना फिल्ममधला पोलॉक पाहिजे होता. १९५२ मध्ये ब्लू पोल्ससारखं जबरदस्त चित्र झालं, पण नंतर हात थांबत गेला. १९५६ मध्ये टाइमनं जॅक द रिपरच्या नावावर कोटी करून त्याला जॅक द ड्रिपर म्हटलं. त्या वर्षी त्यानं एकही चित्र काढलं नाही.

११ ऑगस्ट १९५६ च्या रात्री दारू पिऊन तो गाडी चालवत होता. गाडीत दोन तरुणी होत्या. घरापासून जवळच गाडी रस्ता सोडून झाडांत घुसली. पोलॉक जागीच गेला, वय ४४. सोबतच्या एका तरुणीचाही जीव गेला. ली तेव्हा युरोपात होती.

त्याच्या मृत्यूलाही लोकांनी शोकांतिकेचा साज चढवला, बेफाम जगला नि बेफाम गेला वगैरे. त्या गोष्टीत मागच्या सीटवरच्या मुलीला जागा नसते. तिला बेफाम जगायचं नव्हतं, ती सुट्टीला आली होती.

मग फिल्मनं पोलॉकला मारलं का?

असं लिहिणं सोपं आहे आणि बऱ्याच जणांनी लिहिलंय. पण ते पूर्ण खरं नाही. व्यसन फिल्मच्या कितीतरी आधीचं होतं. डॉक्टर गेला होता, प्रदर्शनाचं दडपण होतं, मासिकं टोचत होती, पैसा नव्हता. शिवाय कॅमेऱ्याला पोलॉकनं स्वतःच हो म्हटलं होतं, आणि नामुथनं त्याला फसवलं नव्हतं. हां, एवढं मात्र म्हणता येतं की जी गोष्ट त्याच्यापुरती, बंद दाराआड होती, ती महिनोन्‌महिने करून दाखवल्यावर ती आपली राहिली की नाही हाच त्याला प्रश्न पडला. टेबलावरचं ते ढोंगी ढोंगी बहुतेक नामुथसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त होतं.

फिल्मचा परिणाम पुढं वाढतच गेला. १९५८ मध्ये ॲलन कॅप्रोनं पोलॉकच्या वारशावर लेख लिहिला आणि चित्रापेक्षा कृती महत्त्वाची हे सूत्र धरून हॅपनिंग नावाचा कलाप्रकार पुढं नेला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं न विकलं गेलेलं ऑटम ऱ्हिदम ३०,००० डॉलरला घेतलं. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं ब्लू पोल्स १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं, तेव्हा तिथं केवढा गदारोळ झाला. २००० साली एड हॅरिसनं पोलॉकवर सिनेमा केला, त्यात नामुथचं शूटिंगही आहे. म्हणजे फिल्म काढण्यावरच फिल्म. त्यात लीचं काम करणाऱ्या मार्शा गे हार्डनला ऑस्कर मिळाला.

खरी ली मात्र पोलॉकनंतर त्याच कोठारात गेली. वरच्या लहान खोलीत इतकी वर्षं छोट्या आकारात काम करणाऱ्या बाईला पहिल्यांदा मोठी भिंत मिळाली आणि तिनं १९५७ मध्ये द सीझन्स नावाचं जवळपास १७ फूट लांबीचं चित्र काढलं. ती १९८४ मध्ये गेली. तिच्या इच्छेनुसार उभ्या राहिलेल्या पोलॉक-क्रास्नर फाउंडेशनकडून आजही जगभरच्या गरजू कलाकारांना मदत मिळते. तिच्यावर तेव्हा कुणी १० मिनिटांची फिल्म केली नव्हती.

आज स्टुडिओत ट्रायपॉड लावून रील काढणाऱ्या प्रत्येक कलाकाराच्या समोर हाच प्रश्न आहे. काम दाखवायला तर लागतं, नाहीतर पोचणार कसं? पण कुठल्या क्षणी आपण काम करतोय आणि कुठल्या क्षणी काम करताना दिसतोय, हे ज्याचं त्यालाच ओळखावं लागतं.

जाता जाता त्या कोठाराचं सांगायला पाहिजे. १९५३ मध्ये पोलॉकनं त्याची दुरुस्ती केली तेव्हा जमिनीवर नव्या फळ्या टाकल्या होत्या. लीच्या मृत्यूनंतर घराचं स्मारक करताना त्या उचलल्या, तर खाली जुनी जमीन जशीच्या तशी निघाली. त्या थोर चित्रांच्या कडेबाहेर उडालेले रंग, शिंतोडे, ओघळ, सगळं तिथं आहे. आज तिथं जाणाऱ्यांना मऊ सपाता घालून त्यावरून चालता येतं.

ती जमीन कुणाला दाखवायची म्हणून रंगवलेली नव्हती. कदाचित म्हणूनच फिल्मपेक्षा तिच्यात पोलॉक जास्त सापडतो.